टिकेटी-बू

लिफ्टच्या कामावर 'ठीक आहे' म्हणायचं नाही, हा बाबांचा नियम. 'ठीक आहे' काय, कुणीही म्हणतं. जिन्यात कुणा परक्याने म्हटलेलं 'ठीक आहे' ऐकून बाबांच्या जोडीदाराने एकदा लिफ्ट सुरू केली होती, आणि बाबांचं बोट गेलं होतं. तेव्हा त्यांनी एका म्हाताऱ्या इंजिनियरच्या तोंडचा शब्द उचलला, टिकेटी-बू. जुन्या जमान्यातला, इंग्रजी बोलीतला शब्द. अर्थ एवढाच की सगळं व्यवस्थित आहे.

"मग सरळ आलबेल म्हणा की," आई म्हणायची. "हे काय, कोंबड्या हाकल्यासारखं!"

"म्हणूनच. दुसरं कुणी चुकूनही म्हणणार नाही."

तो शब्द वापरायची रीतही त्यांचीच. लिफ्टखालच्या खड्ड्यात काम करणाऱ्याने बाहेर यायचं, दार लावायचं आणि आपणहून ओरडायचं. मगच वर मशीनपाशी असलेल्याने बटण दाबायचं. कुणी विचारलं म्हणून हा शब्द म्हणायचा नाही, कारण विचारलं की माणूस सवयीने हो म्हणतो. "भाजी कशी झालीय विचारल्यावर खरं कोण बोलतं?" असं म्हणून ते आईकडे बघायचे. घरीसुद्धा संध्याकाळी बूट काढले की आधी खाकरायचे, मग 'टिकेटी-बू'. ते ऐकलं की आई चहासाठी गॅस पेटवायची.

बाबा गेले. त्यांची हत्यारं दादाकडे आणि माझ्याकडे आली.

त्या दिवशी भर दुपारी एका ऑफिसच्या इमारतीत आम्ही लिफ्ट दुरुस्त करत होतो. दादा तळाच्या खड्ड्यात, मी गच्चीवरच्या मशीनपाशी. बराच वेळ झाला तरी खालून चकार शब्द नाही. माझा स्वभाव तापट, वाट बघणं मला जमत नाही. मी खाली तोंड करून ओरडले, "दादा, झालं का रे?"

खाली कुणीतरी खाकरलं. मग आवाज आला, "टिकेटी-बू."

बाबांचाच आवाज. माझे डोळे भरून आले. किती दिवसांनी ऐकत होते! बोट बटणावर गेलंसुद्धा. आणि तिथेच थांबलं. मी विचारलं होतं, आणि बाबा विचारल्यावर कधीच म्हणाले नव्हते.

मी मेन स्विच बंद केला आणि धडपडत जिने उतरले. दादा खड्ड्यातच होता. तेलावरून घसरून डोकं आपटलं होतं, शुद्ध अर्धवट. मी बटण दाबलं असतं तर लिफ्ट त्याच्यावरच आली असती. मी त्याला ओढून बाहेर काढलं.

"बाबा होते खाली," तो पुटपुटला. "अगदी माझ्या कानाशी बोलले."

"बाबा नव्हते ते!" मी भीतीने आणि संतापाने लिफ्टच्या उघड्या दारात उभी राहून किंचाळले. "मी विचारलं म्हणून बोललं ते! बाबा आपणहून म्हणायचे, विचारल्यावर कधीच नाही!"

खाली अंधार होता. माझाच आवाज घुमून परत आला.

ते काम आम्ही सोडलं. आता आम्ही शब्दाऐवजी पान्याने लिफ्टच्या रुळावर ठोकून खूण करतो.

काल संध्याकाळी दादा आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो. आई ओट्यापाशी कांदा चिरत होती. बाहेरच्या खोलीत बूट काढल्याचा आवाज झाला. कुणीतरी खाकरलं.

"टिकेटी-बू."

कुणी काहीही विचारलं नव्हतं. आईचा चेहरा असा उजळला की बघवेना. तिचा हात सवयीने गॅसकडे गेला. मी तो घट्ट धरला.

"सोड गं," ती रडत म्हणाली. "तेच आहेत. दुसरं कोण असं म्हणणार?"

मलाही बाबाच हवे होते. पण त्या खड्ड्यापाशी उभं राहून नियम मीच त्या आवाजाला ओरडून सांगितला होता. मी आईचा हात सोडला नाही. बाहेर पुन्हा कुणीतरी खाकरलं.