दीनानाथकाकांचा श्वास

मित्रांनो, माणसांचा श्वास मोजण्यात ज्याचे सारे आयुष्य गेले, असा मी एक जुना स्पायरोमीटर आहे. २०११ साली कारखान्यातून मी न्यूझीलंडमधल्या मनुरेवाच्या एका दवाखान्यात आलो. पुण्याच्या कल्याणीताई तिथे तपासण्या करत. रोज सकाळी त्या तीन लिटर हवेच्या मोठ्या पिचकारीने आधी माझीच परीक्षा घेत. मग खोकणारी माणसे एकेक करून माझ्या कागदी नळीत फुंकत.

२०१५ च्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, बासष्ट वर्षांचे दीनानाथकाका आले. सोबत मुलगी अस्मिता आणि आठ वर्षांची नात स्वरदा. काकांनी जीव तोडून फुंकले, तरी माझा आकडा त्यांच्या वयाला हवा त्याच्या निम्म्याच्या आतच राहिला.

"बाबा, खरं सांगा, चोरून सिगारेटी ओढायचात ना?" अस्मिताने विचारले.

"आयुष्यात हात लावला नाही गं."

कल्याणीताईंनी वेगळेच विचारले. "काका, तुमचा जन्म पुऱ्या दिवसांचा का?"

"छे! सातव्या महिन्यातच झालो. आईने कापसात गुंडाळून जगवलं. पुढे दोनदा न्यूमोनिया."

ताई हलकेच म्हणाल्या, "फुप्फुसं जन्मानंतरही बरीच वर्षं वाढतात. तुमची पुरती वाढलीच नसावीत. वयाबरोबर सगळ्यांचाच श्वास कमी होतो. तुमच्याकडे तो मुळातच थोडा होता."

काका म्हणाले, "शाळेत मास्तर मला आळशी म्हणायचे. घरचेही. शेवटी मीही तेच खरं मानलं."

"चुकलं माझं, बाबा." अस्मिताने त्यांचा हात धरला. तेवढ्यात तिची नजर लेकीकडे गेली. "ताई, हीसुद्धा सव्विसाव्या आठवड्यात झालीय. शाळेत पळत नाही म्हणून मी रोज ओरडते हिला."

"आय जस्ट डोन्ट लाइक रनिंग, मम," स्वरदा पुटपुटली.

डॉक्टरांना विचारून ताईंनी तिचीही तपासणी केली. फुंकताना नाकातून हवा निसटू नये म्हणून आजोबांनीच तिच्या नाकाला चिमटा लावला. तिचाही आकडा कमी आला. खोटा आकडा दाखवता आला असता तर, असे मला क्षणभर वाटले. पण ते मला येत नाही.

स्वरदाचे उपचार सुरू झाले. घरमालकाच्या मागे लागून अस्मिताने तिची ओल धरलेली खोली कोरडी करून घेतली. दर सहा महिन्यांनी आजोबा आणि नात जोडीने येत. २०१८ च्या थंडीत काका गेले.

पुढच्या वर्षी स्वरदा आली, तेव्हा तिचा आकडा तिच्या वयाच्या मुलांहून कमीच होता, पण वाढत होता. तिने अडखळत मराठीत विचारले, "आजोबा लहान होते, तेव्हा असं मशीन नव्हतं?"

"होतं," ताई म्हणाल्या. "त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही."

त्याच वर्षी नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. त्याची मला खंत नाही. मित्रांनो, तुमच्या वर्गात पळता पळता मध्येच थांबणारे, सारखे खोकणारे कुणी असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ थांबा आणि मोठ्या माणसांना सांगा. आजच सांगा. त्याची फुप्फुसे अजून वाढत आहेत.