पाहुणे कुणाचे, बोकड कुणाचा

"सर, मग त्या मेंढरांचे पैसे शेवटी दिले कोणी?"

रेणुकानं विचारलं आणि दहावीचा अख्खा वर्ग तिच्याकडं वळला. मागच्या बाकावर मोनिका आणि स्वरा ओढणी तोंडात कोंबून हसू दाबत होत्या. पैज त्यांनीच लावली होती: जगन्नाथ सरांची गोष्ट मध्येच तोडून दाखव, मंग तुला मानलं, कुल्फी बी आमच्याकडून. मागच्या वर्षीची रेणुका असती तर पैज न लढताच हरली असती. पण मंठ्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिची जीभ मोकळी झाली होती, आणि ती कुठंही चालवून बघायची तिला नुसती हौस.

जगन्नाथ सर जुन्या जालन्याचे. इतिहास शिकवता शिकवता आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायचे. आजची गोष्ट निजामाच्या राजवटीतली. कुठलासा परदेशी राजपुत्र अंबडकडच्या माळावर शिकारीला आला. तंबू पडले, धनगरांची मेंढरं कापून रोज मेजवान्या झाल्या, आणि पाहुण्याची पाठ वळताच दोन सरकारांचं भांडण जुंपलं. इंग्रज साहेब म्हणे, मुक्काम निजामाच्या मुलखात झाला, खर्च निजामाचा. दरबार म्हणे, पाहुणा तुमचा, तुम्हीच आणलात, तुम्हीच भरा. साहेब बदलले, दिवाण बदलले, पत्रं चालूच.

"मेंढरांचे पैसे?" सरांनी चष्मा पुसला. "कोणीच नाही दिले. भांडण एवढ्या मोठ्या लोकांचं, त्यात धनगराच्या मेंढराचं नाव कोण काढणार?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं रेणुका हसली. पैज जिंकली होती, कुल्फी मिळणार होती.

कुल्फी चाटतच ती घरी आली, तर अंगणात बाजेवर सरपंच बद्रीनाथ बसलेले, पुढं तिचा बाप रायभान उभा.

"रायभान, परवा परदेशी पाहुणे येऊन राह्यले. आपला बंधारा ज्यांच्या पैशातून झाला, ते. मानाचा बोकड तुझ्या घरचा."

गावात कोणीही मोठा पाहुणा येवो, कलेक्टर येवो की पुढारी, बोकड धनगराच्या घरून जायचा. बदल्यात रायभानला फेटा बांधायचे आणि बोकड धरून मिरवणुकीत पुढं चालायला लावायचे. पैशाचं नाव कोणी काढत नसे, कारण मानाला मोल लावायचं नसतं असं सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी कोणाच्याच घरी बोकड नव्हता.

"भाऊ, त्या बोकडावर पोरीचं जालन्याचं कॉलेज हाय," चुलीपुढून रेणुकाची माय आसराबाई म्हणाली.

"वहिनी, पाहुणे खूश झाले तर कॉलेजच गावात आणतील." सरपंच आपल्याच विनोदावर हसले. उठता उठता त्यांनी वाड्यातल्या मेंढरांवर नजर फिरवली. "गायरानात यंदा गवत बरं हाय न्हाई, रायभान?"

विचारलं इतकंच. पण गायरान पंचायतीच्या ताब्यात, आणि रायभानची मेंढरं गायरानावर जगत.

"न्या की," रायभान म्हणाला. "मान हाय आमचा."

ठरल्या दिवशी पाहुणे आले. तिघं जण, डोक्याला टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. रेणुकानं इंग्रजीत स्वागत केलं, टाळ्या घेतल्या. पाहुण्यांनी बंधारा पाहिला, फोटो काढले, गाडीत बसून आपल्याजवळचा ब्रेड आणि केळी खाल्ली, आणि निघून गेले. बोकड कापलाय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग शाळेमागच्या मांडवात पंगत बसली. सरपंच, सदस्य, ठेकेदार, तालुक्याचे साहेब. रायभान फेटा बांधलेला तसाच पाण्याची बादली घेऊन वाढत फिरत होता. "बस" असं त्याला कोणी म्हणालं नाही. शेवटी पंचायतीचा शिपाई पुंजाराम आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोकडाचे पाय त्यानं रायभानच्या हातात ठेवले.

"घे. मानाचं हाय."

आसराबाईनं ते पुडकं शिजवलं नाही. "एकदा विचारून तर बघा," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. "गावानं बोलावलं, तर गाव देईल की काही."

रायभान पंचायतीत गेला. तिथं सांगितलं, पाहुणे बंधाऱ्याच्या प्रकल्पाचे होते, प्रकल्पाच्या मंठ्याच्या ऑफिसात विचार. मंठ्याला साहेब म्हणाले, पाहुणे आमचे बराबर, पण जेवण आम्ही सांगितलं नव्हतं, ते गावानं केलं. रायभान परत पंचायतीत. मेंढरं तेवढे दिवस वाड्यात ओरडत राहिली. शेवटी सरपंचांनी चार माणसांसमोर त्याला उभं केलं.

"मानाचे पैसे मागतो? तुझ्या बापानं कधी मागितले नव्हते. लाज वाट्टी का न्हाई?"

रात्री रायभान जेवायला बसला, तो मान खाली घालून.

"सरपंचाचं चुकलं न्हाई," तो म्हणाला. "म्याच जायला नको होतं. उगंच इज्जत घालवून आलो."

रेणुकाचा घास हातातच राहिला. बोकड गेला, कॉलेज गेलं, आणि वर लाज वाटून राह्यली ती तिच्या बापाला. ज्यांनी खाल्लं त्यांना नाही. आणि त्या माळावरच्या धनगराला वर्गात सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं, तेही तिला आठवलं.

पंधरवड्यानं पुंजाराम दारात उभा राहिला. आईबाप शिवारात, घरी रेणुका एकटी.

"बापूला सांग, मंगळवारी मुंबईहून साहेब येऊन राह्यले. धाकटा बोकड तयार ठेवा."

"बोकड मिळणार न्हाई, पुंजारामकाका."

"आँ? येडी झाली का तू?" तो हसला. "मानाला नाही म्हणत नसतेत, पोरी."

"मंग हा मान यावेळी सरपंचांच्या घरी द्या. त्यांच्या गोठ्यात दोन बोकडं हायेत, मी बघून आल्ते."

पुंजारामचं हसू मावळलं. "असंच सांगू मी त्यांना? कोण म्हणलं म्हणून सांगू?"

"रेणुका रायभान म्हणली म्हणून सांगा."

दिवेलागणीला आईबाप आले, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न गाळता. रायभाननं वाड्यातल्या मेंढरांकडं पाहिलं.

"गायरान बंद करतील की गं. मंग मेंढरं कुठं नेऊ मी? तुला काय, तू बोलून मोकळी झाली."

"मोकळी न्हाई झाले." रेणुकानं आवाज खाली येऊ दिला नाही. "बोकड दिला तरी गायरान त्यांच्याच मुठीत ऱ्हाणार, बापू. पुढच्या पाहुण्याला अजून एक, त्याच्या पुढच्याला अजून एक. आपण देतो कधी, थांबतो कधी, हे त्यांनीच ठरवायचं का?"

आसराबाईनं नवऱ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि जाऊन लेकीच्या शेजारी उभी राहिली.

"माय, बापू, ऐका," रेणुका म्हणाली. "उद्या सकाळी मेंढरं गायरानात मी नेणार. शाळा एक दिवस बुडंल, बुडू द्या. अडवायला जे येतील त्यांना काय बोलायचं ते मी बोलीन. तुम्हाला यायचं तर या. पण बापू, तिथं तुम्ही हात जोडायचे न्हाईत."