बगळा नसलेला दुसरा भाग

मी दुसरा भाग बोलतोय. हो, तोच, टीव्हीवर भर दुपारी लागतो तो बेडकाचा. मला कार्टून म्हणा नाहीतर चित्रपट म्हणा, हल्ली कशाचंच वाईट वाटत नाही. इतक्या वेळा लागलोय आणि इतक्या वेळा मध्येच बंद झालोय, की अंगात त्राण उरलेलं नाही.

पहिला भाग माझा थोरला भाऊ. आमची आई म्हणजे एक चित्रांचं पुस्तक, लहान मुलाच्या मांडीवर मावेल एवढं. त्यात तळ्याकाठी एक म्हातारा बगळा असतो. नजर अधू झालेली, त्यामुळे तास न् तास ध्यान लावूनही मासा काही चोचीत येत नाही. आणि एक बेडूक असतो. सगळं तळं त्याला ओरडून सांगतं, 'पळ, खाईल तो तुला!' पण बेडूक पळत नाही. हळूहळू दोघांची गट्टी जमते. शेवटच्या पानावर बगळा उडून जातो आणि बेडूक दगडावर बसून वर बघत राहतो. त्या पानावर एकही शब्द नाही.

थोरल्याने हे सगळं जसंच्या तसं घेतलं आणि नाव काढलं. दप्तरांवर बगळा, पाण्याच्या बाटल्यांवर बगळा, उशांच्या अभ्र्यांवर बगळा! धाकट्याच्या नशिबी काय येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. थोरल्याचे आखूड झालेले कपडे, आणि वर 'तुझा भाऊ बघ कसा होता' हे वाक्य.

मला कुणी हौसेने मागितलं नव्हतं. वाहिनीचे साहेब एका बैठकीत चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "बगळा परत आणा." बिस्किट तुटून चहात पडलं आणि बैठक संपली. एवढाच माझा जन्मसोहळा.

थोरल्याला ज्यांनी घडवलं, त्याच दिग्दर्शक बाईंच्या पदरात मी पडलो. केसांत पेन्सिल खोचायची आणि मग तीच घरभर शोधायची, अशी त्यांची तऱ्हा. त्यांनी कागदावर काही चित्रं काढली. बगळा ढगांतून परत येतोय, बेडूक आनंदाने कोलांट्या मारतोय. तेव्हा मी एवढाच होतो. मला पिशवीत घालून त्या चित्रकार आजींकडे गेल्या. पुस्तक आजींचं, त्यामुळे त्यांच्या होकाराशिवाय गाडी पुढे सरकणार नव्हती.

खिडकीशी आजींचं टेबल होतं. धुतलेले ब्रश फडक्यावर आडवे ठेवलेले, पण फडकं कोरडं ठणठणीत. हात थरथरायला लागल्यापासून आजींनी ब्रश धरला नव्हता. त्यांनी माझे कागद भिंगातून पाहिले आणि पालथे घातले.

"हा परत येत नाही, बाई."

"आजी, मुलं वाट बघतायत हो त्याची."

"म्हणूनच सांगतेय." आजींनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझे यजमान दवाखान्यात गेले ते आलेच नाहीत. लेक पाच वर्षांची. घरातल्या मोठ्यांनी तिला सांगितलं, बाबा कामाला गेलेत, येतील. पोर रोज संध्याकाळी बूट घालून दाराशी बसायची, त्यांना आणायला जायचं म्हणून. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा मी हे पुस्तक काढलं. गेला तो गेला, हे तिला त्या पानावर सांगितलं. आता तुम्ही त्याला परत आणलात, तर मी खोटी ठरते."

ती लेक हे ऐकत दारातच उभी होती. आता तिचेही केस पिकलेले. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान बंद करून ती दुपारच्या जेवणाला घरी आली होती.

"आई, तुला एक सांगू? त्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याचा कागद मी नखाने सोलला होता. वाटलं, आत अजून एक पान चिकटलेलं असेल."

"अगं, तू पुस्तक फाडलंस म्हणून मी तुला रागावले होते!"

"हो. रागावली होतीस."

बाईंनी माझे कागद हळूच गोळा केले. माझं इथेच संपलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखं झालं.

पण लेक बाईंकडे वळली. "बगळा नका आणू. पण बेडूक दुसऱ्या दिवशी उठतो की नाही? मग तो काय करतो? मला तेच कुणी सांगितलं नव्हतं."

आजी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "काय करणार? भूक लागते. आपली आपल्यालाच लाज वाटते, पण लागते."

बाईंनी केसांतली पेन्सिल ओढली. या खेपेला ती पटकन सापडली. तिथेच माझ्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी बेडूक काढला. उतरलेल्या तोंडाचा, एका माशीकडे चोरून बघणारा. मी खरा जन्मलो तो त्या बाजूला.

पुढे बरंच रामायण झालं. बगळ्याला आवाज देणारे काका, ज्यांना सगळे 'भोंगा' म्हणत, नवा शर्ट घालून ध्वनिमुद्रणाला आले. त्यांनी कागद चाळले. "अहो, यात मी बोलतो कुठे?"

"तुम्ही नाही आहात यात, काका."

"नाही म्हणजे? थोडा तरी असेन. लांबून हाक वगैरे?"

"लांबूनसुद्धा नाही."

शेवटी त्यांना एका चिडक्या खेकड्याचं काम मिळालं. त्यांनी ते इतकं जीव तोडून केलं, की त्या दिवशी त्यांचा घसा बसला.

साहेब मात्र भडकले. "बगळ्याशिवाय दुसरा भाग? मॅडम, हे म्हणजे नवरदेवाशिवाय लग्न!"

"मग दुसरं कुणीतरी बघा, साहेब. मी नाही करणार."

बाई दारापर्यंत गेल्याही. साहेबांनी त्यांना परत बोलावलं, पण राग काही सोडला नाही. मला संध्याकाळऐवजी दुपारची वेळ दिली. आणि जाहिरातीत, माझ्याच जाहिरातीत, हा एवढा मोठा बगळा छापला.

मग काय व्हायचं ते झालं. मुलं पडद्यासमोर बसली ती बगळ्याची वाट बघत. 'कधी येणार? आता येईल का?' मी संपलो तेव्हा कितीतरी जण रडले. आईबापांनी वाहिनीला फोन करून शिव्या दिल्या. बाईंना त्या वाहिनीचं काम पुन्हा मिळालं नाही. त्या आता मुलांना चित्रकला शिकवतात, आणि माझा विषय निघाला की खांदे उडवतात.

आजींनी मला घरी लेकीबरोबर पाहिलं. बेडूक माशी गिळतो आणि गिळता गिळता त्याला रडू फुटतं, तिथे लेक उठून स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काहीच नव्हतं. आजी पडद्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "हिरवा जरा भडक झालाय." पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

तेव्हापासून मी असा भटकतोय. टीव्हीच्या दुकानात रंग दाखवायला मला लावतात. दातांच्या दवाखान्यात पोरांनी गप्प बसावं म्हणून लावतात. आणि बहुतेक ठिकाणी माझा आवाज बंद असतो. काकांचा खेकडा बिचारा नुसतं तोंड हलवतो.

सध्या मुक्काम एका मोठ्या रुग्णालयात, नातेवाइकांनी थांबायच्या खोलीत. प्लास्टिकच्या खुर्च्या, घरघरणारा पंखा, आणि भिंतीवर उंच टांगलेला मी. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि मलाही त्याची सवय झाली आहे.

परवा तिथे एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. मांडीवर बायकोची पर्स, तिच्यावर बायकोचा चष्मा. आतून डॉक्टर येऊन त्यांच्याशी हळू आवाजात बोलून गेले होते. मृत्यूच्या दाखल्याचे कागद तयार व्हायला वेळ होता. कुणीतरी त्यांच्या हातात चहाचा कप आणि बिस्किटांचा पुडा ठेवला होता. त्यांनी दोन्हीला हात लावला नव्हता. ते वर माझ्याकडे बघत होते.

काउंटरवरच्या बाईने रिमोट उचलला. "काका, हे पोरांचं आहे. बातम्या लावू का?"

"राहू दे, बाळ," ते म्हणाले. "त्याचं जेवण होऊ दे."

तिने रिमोट खाली ठेवला. वर बेडूक रडत रडत माशी गिळत होता. खाली त्या गृहस्थांनी पुडा फोडला आणि एक बिस्किट तोंडात घातलं.

मी थकलोय, हे खरंच आहे. पण कुणी बघत असेल तर मला मध्येच बंद करू नका. शेवटपर्यंत मी येईन बरोबर.