नकाशातली चंपाबाई

बाबांच्या पुण्यानुमोदनाला देवरूखजवळच्या आमच्या गावी जाताना, त्यांनी जपलेला शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा मी विहारात लावायला सोबत घेतला. त्यात आमच्या वाडीची विहीर आहे. ती बाबांच्या आजीने, चंपाने, खणून घेतली होती. गावात तिला चंपाची बाव म्हणतात. मोजणीला आलेला माणूस देशावरचा असावा. बाव म्हणजे विहीर हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने इंग्रजीत लिहिलं, 'चंपाबाई'.

"चूक सुधारूनच लावूया," चुलतभाऊ प्रथमेश पेन काढत म्हणाला. "लोक हसतील."

"ठेव तो पेन," आत्या म्हणाली. "गावात तिला बाई कोन म्हनायचा? चंपी म्हनायचे, ते पन लांबून. दादा ह्या नकाशासमोर हुबा ऱ्हायचा नि म्हनायचा, माझ्या आजीला एकानं तरी बाई म्हटलंन."

प्रथमेशने पेन खिशात ठेवलं आणि खिळा ठोकायला हातोडी मागितली.

विहारात बाबांविषयी बोलायची माझी पाळी आली, तेव्हा मी आधी नकाशाकडे पाहिलं. उन्हातून कातळाचा सडा तुडवत आलेल्या, नावही ठाऊक नसलेल्या त्या माणसाचे मी आभार मानले. मग बाबांचे.