वायरीचं शेवटचं टोक

१९९६ साली, शिमगा आठ दिवसांवर आलेला असताना, पेणच्या भात खरेदी-विक्री संघाच्या कचेरीत चार कॉम्प्युटर एका काळ्या वायरीने जोडले गेले. तोवर कागद छापायचा म्हणजे रोहिणीने फ्लॉपी घेऊन प्रिंटरच्या टेबलापर्यंत पळायचं. ती रोह्याहून रोज एसटीने यायची आणि अकरा-अकरा महिन्यांच्या हंगामी ऑर्डरीवर तिसरं वर्ष काढत होती. चेअरमननी तिला सांगून ठेवलं होतं, "सोमवारी सभासदांसमोर चारी मशीनचे कागद एकाच प्रिंटरवर निघाले, तर तुला कायम करतो. नाहीतर तुझी जागाच रद्द."

म्हणून शनिवारी वायर चालू झाल्याबरोबर तिने सगळ्यांना नीट समजावलं. वायर मॅनेजर हैबतरावांच्या केबिनमधून निघते, क्लार्क चंद्रावतीबाईंच्या आणि रोहिणीच्या टेबलावरून जाते आणि खिडकीपाशी हेडक्लार्क गुणाजीभाऊंकडे संपते. एकाने धाडलेला निरोप सगळ्यांकडे पोचतो, पण ज्याच्या नावाचा असेल त्याचंच मशीन तो उचलतं.

"म्हंजे माझं पत्र आधी सगळ्यांच्या दारावरून फिरनार?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"आज काय वेगलं चाल्लंय?" शिपाई केरू म्हणाला.

"आणि दोघं एकदम बोलले," रोहिणी सांगत होती, "तर दोघांनीही गप्प व्हायचं, क्षणभर थांबायचं, मग एकेकाने बोलायचं."

सगळे पोट धरून हसले. भांडताना दोघंही गप्प झालेत, असं त्या कचेरीत कधी घडलं नव्हतं.

गुणाजीभाऊ मात्र वायरीच्या टोकावरची चकचकीत टोपी निरखत होते. "ही कशाला?"

"दोन्ही टोकांना लागते, भाऊ. निरोप तिथे विरतो. नाहीतर आपटून माघारी येतो आणि दुसऱ्यांच्या निरोपात मिसळतो."

"म्हंजे मी शेवटचा."

"वायरीत पहिला-शेवटचा कुणी नसतो हो."

"सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. आमच्या गावाला, गडबला, पंगतीत कुनी मला शेवटचं पान मांडत नाय, रोहिणी."

सोमवारी ती दहाला पोचली, तर एकाही मशीनला प्रिंटर सापडेना. चेअरमन अकराला येणार होते. पदर खोचून ती टेबलांखाली शिरली आणि वायर चाचपत पुढे सरकली. दोन्ही टोप्या काढलेल्या. उरलेलं वायरीचं भेंडोळं उलगडून खिडकीचं टोक थेट केबिनच्या टोकाला जोडलेलं!

"केरू, हे कुणी केलं?"

"भाऊंनी सांगितलं, मी जोडलं."

"गोल केलंय," गुणाजीभाऊ म्हणाले. "आता कोन पयला नाय, कोन शेवटचा नाय. भांडनच मिटलं."

"अहो, निरोप गोल गोल फिरतोय! विरायला जागाच नाय त्याला."

हैबतराव केबिनच्या दारात आले. "चंद्रावतीबाई, तुम्ही बसा खिडकीशी."

"मी? बावीस वर्षांनी? शेवटाला? तुमीच बसा की, साहेब."

हैबतराव परत आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

अकराला वीस मिनिटं होती. रोहिणीने आपलं मशीन उचललं. वायर तुटू नये म्हणून टेबलावरचा तिचा जोड तसाच ठेवला, भेंडोळ्याचं केबिनकडचं टोक सोडवलं आणि ते मागच्या बोळात, पाण्याच्या माठापाशी ओढत नेलं. तिथे स्टुलावर मशीन मांडलं आणि दोन्ही टोकांना टोप्या घातल्या. "मी हंगामी," ती म्हणाली. "माझ्या मागे कुणी नाय. आता भाऊ मधले."

चेअरमन आले. चार कागद कुरकुरत एकाच प्रिंटरमधून बाहेर पडले. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. हैबतरावांनी "आमचं नियोजन" असा शब्द वापरला आणि गुणाजीभाऊंनी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी ऑर्डर आली. रोहिणीला कायम केलं होतं. खाली हैबतरावांच्या शिफारशीने एक ओळ वाढवलेली: यांचे टेबल वायरीच्या शेवटी कायम राहील. तिने ऑर्डर दोनदा वाचली आणि सही केली.

हैबतराव निवृत्तीनंतर संगणकीकरणावर व्याख्यानं देत फिरले. मशीन त्यांनी कधी स्वतः चालू केलं नाही. चंद्रावतीबाई मुलाकडे पनवेलला गेल्या. दोन हजार साली प्रत्येकाला वेगळी वायर देणारी पेटी आली, ती गुणाजीभाऊंनी हट्टाने आपल्या डोक्यावर भिंतीत बसवून घेतली आणि वर्षभराने तिच्याखालूनच निरोपाचा नारळ घेतला. केरू क्लार्क झाला. रोहिणी रोह्याच्या शाखेत मॅनेजर झाली. एसटीचा रोजचा प्रवास सुटला, यातच तिला मोठं सुख वाटलं.