अख्खी पट्टी

मिस्त्रींनी साडूच्या पलंगावरची गादी कोपऱ्यातून उचलली, खाली डोकं घातलं, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की विचारू नका.

गादीखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या तुकड्यांच्या होत्या! पलंगाच्या मधोमध, उशापासून पायथ्यापर्यंत एक दांडा टाकलेला. या काठापासून दांड्यापर्यंत एक तुकडा, दांड्यापासून त्या काठापर्यंत दुसरा. अशा चौदा-पंधरा जोड्या होत्या, पण इकडून तिकडे गेलेली अख्खी पट्टी औषधालासुद्धा नाही. टोकांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकलेले. खिळे वाकडे. रंधा मारला होता की दातांनी कुरतडलं होतं, देव जाणे.

"काय हरवलं, मिस्त्री?"

दारात मोठी मेव्हणी काठी टेकून उभी होती.

"काही नाही ताई, फोन पडला वाटतं खाली."

"खिशात दिसतोय की तुमच्या."

मिस्त्रींनी खिसा चाचपला, "अरे, हो की" म्हणाले आणि घाईघाईने गादी सारखी केली.

ते बायकोला न्यायला आले होते. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती आठ दिवस बहिणीकडे राहिली होती. उठायला-बसायला हात लागायचा, म्हणून ताईंच्या शेजारी, याच पलंगावर झोपत होती. आणि आठही दिवस फोनवर एकच पालुपद. "अहो, काय झोप लागते इथे! खांदा दुखायचा चक्क थांबलाय." दहा-बारा वर्षं तिचा उजवा खांदा धरत होता. तेलं झाली, गोळ्या झाल्या, चार तऱ्हेच्या उशा झाल्या. आणि तो थांबला कुठे, तर साडूने घरी ठोकलेल्या पलंगावर.

साडू सुतार असता तर मिस्त्रींनी एक वेळ गिळलं असतं. पण हा टपाल कचेरीत जन्मभर शिक्के मारून निवृत्त झालेला माणूस. अंगाने असा वाळलेला की मिस्त्री मनातल्या मनात त्याला काडीपैलवान म्हणत. आणि मिस्त्रींनी केलेले पलंग अर्ध्या गावाच्या घरात होते. नवरा-नवरी त्यावर आजी-आजोबा झाले, पण पलंगाचा पाय कधी हलला नाही. स्वतःच्या लग्नाचा पलंग त्यांनी दोन महिने खपून केला होता.

परतताना बसमध्ये बायकोने खिडकीबाहेर बघत सांगून टाकलं.

"भाऊजी पुढच्या रविवारी येतायत. आपल्या पलंगालाही तसंच करून देतो म्हणाले."

"कुठल्या पलंगाला?"

"आपल्या. आणखी कुठला आहे?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"या म्हटलं. माणूस आपणहून म्हणतोय, तर नको कसं म्हणायचं?"

"अगं, सुताराच्या घरात येऊन शिक्के मारणारा पलंग करणार? गाव काय म्हणेल? मी काय हात मोडून बसलोय?"

"गाव काय येणार आहे आपल्या गादीखाली बघायला," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. मग एवढं आणखी म्हणाली, "सकाळचा चहासुद्धा भाऊजीच करतात तिकडे."

पोटात दुखणं म्हणतात ते हेच. मिस्त्रींच्या पोटात बस थांबेपर्यंत दुखत होतं. चहाचं तर त्यांना पट्ट्यांपेक्षाही जास्त लागलं.

सोमवारी सकाळी त्यांनी हातातली कामं बाजूला सारली. एका गिऱ्हाइकाचं कपाट दाराविना उभं राहिलं, राहू दे. त्यांनी आपल्या पलंगाखालचा जुना प्लाय काढून टाकला. तीस वर्षांत तो त्यांच्या बाजूने चांगलाच खाली बसला होता. प्लाय जुना झाला की बसतोच, त्यात काय बघायचं. मग चिवट लाकडाचे पातळ पदर काढले. तीन-तीन पदर सरस लावून एकावर एक ठेवले आणि साच्यात आवळून वाळवले, म्हणजे पट्टी मधोमध दोन बोटं वर उचललेली राहते. माणूस झोपला की ती दबते, उठला की पुन्हा वर येते. प्रत्येक टोकाला जाड रबराचं टोपण, कुरकुर नको म्हणून. चौदा पट्ट्या. आणि एकूण एक अख्खी! या काठापासून त्या काठापर्यंत, गाठ नाही की जोड नाही. हे त्यांनी मुद्दाम केलं. काडीपैलवानाला कळू दे, लाकूड म्हणजे काय असतं.

तासताना त्यांना समोर साडूचं तोंड दिसत होतं. ते आधी हसणारं, मग पट्ट्या बघून उतरलेलं. या एका सुखावर त्यांनी पाच दिवस जेवणाची वेळ पाळली नाही. शुक्रवारी संध्याकाळी पट्ट्या बसवल्या आणि स्वतःचं नव्वद किलोचं धूड धाडकन त्यावर टाकलं. पट्ट्या दबल्या आणि त्यांनी मिस्त्रींना अलगद वर उचललं. इतकं सुरेख काम आपल्या हातून गेल्या दहा वर्षांत झालं नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

"कशी लागली झोप?" शनिवारी डोळे उघडल्याउघडल्या त्यांनी विचारलं.

"छान."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान. मऊ आहे की."

"तिकडच्यासारखी?"

"तुमचं आपलं काहीतरीच असतं हं," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. चहाचा डबा वरच्या फळीवर होता. तिने तो डाव्या हाताने काढला. उजवा हात तिने पोटाशी धरला होता.

मिस्त्रींनी ते बघितलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पलंगाचा प्रश्नच नव्हता तर! हिला तिथली माणसं गोड लागली होती. तिथला चहा, तिथल्या गप्पा, तिथला तो भाऊजी. दिवसभर ते बायकोशी धड बोलले नाहीत. तिने दोनदा विचारलं, "काय झालंय?" दोन्ही वेळा त्यांनी "कुठे काय" म्हटलं.

रविवारी साडू आला. हातात टेप, वहीचा कागद, आणि कानावर पेन्सिल. कानावर पेन्सिल! मिस्त्रींना ती ओढून खिडकीबाहेर फेकावीशी वाटली.

"या साडूभाऊ. पण उशीर केलात. काम झालंय."

साडूने गादी उचलून बघितली आणि कागद सरळ खिशात घातला. एका पट्टीवरून हात फिरवला, बोटाने दाबून सोडली. त्याचं तोंड काही उतरलं नाही.

"वा! मिस्त्री, हे काम म्हणजे काम आहे हो. माझं ते आपलं गुरांच्या गोठ्याचं."

इतक्या मनापासून म्हणाला की मिस्त्रींची मजाच गेली.

"पण अख्ख्या ठेवल्यात," साडू म्हणाला.

"अख्ख्याच. आपल्याकडे तुकडे लावत नाहीत."

"तुकडे कुठे लावले? अख्ख्याच आणल्या होत्या मी. बसवून झाल्यावर मधून कापल्या."

"कापल्या? चांगल्या पट्ट्या?"

"थांबा, दाखवतो." साडूने गादी खाली टाकली, चपला काढल्या आणि मिस्त्रींची बायको झोपते त्या बाजूला उताणा झोपला. "या. तुम्ही तुमच्या जागेवर झोपा."

"मी कशाला?"

"या हो. लाजताय काय नव्या नवरीसारखे!"

मिस्त्री पलीकडून आले आणि आडवे झाले. पट्ट्या दबल्या आणि काडीपैलवान घरंगळत येऊन त्यांच्या दंडावर आपटला.

"बघितलंत?" छताकडे बघत साडू म्हणाला. "पट्टी एक, माणसं दोन. जड माणसाने दाबली की हलका तिकडे घसरणारच. तुमची पट्टी तर इतकी छान लवते की विचारू नका. आमच्या घरात हलका मी. तुमच्या ताई अंगाने केवढ्या, ते तुम्ही बघताच! तीन वर्षं मी हे असं झोपलो." त्याने स्वतःला ओढून पलीकडे नेलं आणि उजव्या हाताने पलंगाचा काठ घट्ट पकडला. "सकाळी उठलो की खांदा ठणकायचा. मग एके दिवशी मारली बोंब. म्हटलं, एक तर तू जमिनीवर झोप, नाही तर मी करवत आणतो. पट्टी मधून कापली की ज्याचं वजन त्याच्यापाशी राहतं. अहो, पण इथलं पॉलिश कोणी घासलंय?"

"कुठलं?"

"हे. माझ्या हाताखाली."

मिस्त्री उठले आणि वळसा घालून त्या बाजूला आले. पलंगाच्या काठावर, खांद्यापासून हातभर खाली, चार बोटं मावतील एवढी जागा उघडी पडली होती. पॉलिश गेलं होतं, आणि त्याखालचं सागाचं लाकूड गुळगुळीत होऊन किंचित खोल गेलं होतं. आतल्या अंगाला अंगठ्याचा वेगळा खळगा होता. मिस्त्रींनी बोटांनी तो चाचपला. असं लाकूड त्यांनी रोज हातात धरलं होतं. त्यांच्या रंध्याची मूठ अशीच झाली होती, आणि तिला वीस वर्षं लागली होती. चादर बाहेरपर्यंत लोंबायची, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, पलंगाच्या या बाजूला ते येतच नसत.

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बोलली का नाहीस?" मिस्त्रींचा आवाज चढला. राग तिच्यावर नव्हता, पण चढला.

"काय बोलायचं?" तिने कप खाली ठेवले. "दोन महिने खपून केलेला पलंग. येईल त्याला हात धरून दाखवायचात. त्याला नावं ठेवू? आणि तुम्ही काय मुद्दाम दाबत होता? दिवसभर लाकूड ओढून आलेला माणूस, उठवायचं तरी कसं?"

"अगं, पण तीस वर्षं..."

"सवय झाली. पहिली दोन-चार वर्षं जागच यायची, पुढे झोपेतच धरायला लागले. तिकडे गेल्यावर कळलं, की असं न धरताही झोपता येतं."

साडूला एकदम चहाची फार घाई झाली. तो कप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मिस्त्रींना त्याचा हेवा अजून वाटत होता. उलट आता जास्तच वाटत होता. पलंगाचा नाही, चहाचा तर नाहीच. त्या घरात एका माणसाला दुसऱ्यावर बोंब मारता येत होती, याचा वाटत होता. ते ओट्यावर गेले.

"साडूभाऊ, चहा झाला की जरा आत या. पट्टी धरायला माणूस लागेल."

दुपारपर्यंत चौदाच्या चौदा पट्ट्या मधून कापून झाल्या. करवत मिस्त्रींनीच चालवली. पहिली पट्टी कापताना हात जड झाला, नंतर नाही झाला. मधोमध दांडा बसला, बायकोच्या बाजूचे तुकडे रंधा मारून आणखी पातळ केले. "इथे टोचतं का? आणि इथे?" असं तिला झोपवून झोपवून विचारलं. ती आधी "बरंय, बरंय" म्हणत राहिली. चौथ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "कमरेखाली जरा टणक लागतंय." मिस्त्रींनी तो तुकडा काढला आणि पुन्हा रंध्याखाली घेतला.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर ते पॉलिशचा डबा आणि फडकं घेऊन खोलीत आले. काठावरची ती उघडी जागा नीट करून टाकावी, असं आठवडाभर डोक्यात होतं.

बायको झोपली होती. तिच्या अर्ध्या पलंगावर ती ऐसपैस, मधोमध होती. घसरण्यासारखं आता काही नव्हतं. पण उजवा हात पलंगाच्या काठावर होता. चार बोटं बाहेरून, अंगठा आतून, आपापल्या खळग्यात, पांढरी पडेपर्यंत आवळलेली.

मिस्त्रींनी डब्याचं झाकण आवाज न करता परत लावलं. मग स्टूल ओढून ते पलंगाच्या त्या बाजूला बसले, आणि ती बोटं सैल होण्याची वाट बघत राहिले.