दृष्ट लागलेला कोंबडा

मी एक जुना कोंबडा आहे, मित्रांनो. मित्र म्हणतो ते रीत म्हणून. माझा मित्र कोणी नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही. मान चांदीची, अंग लहानखुरं, काळं पट्टेदार, स्वभाव तिरसट. इजिप्तमधल्या फय्यूमकडचे आम्ही सगळे असेच.

माझा जन्म आईच्या पंखाखाली नाही, गावच्या अंडी उबवायच्या मातीच्या भट्टीत झाला. तिथला म्हातारा प्रत्येक अंडं स्वतःच्या पापणीला लावून ऊब बघायचा. इतक्या नाजूकपणे माझ्याशी पुन्हा कोणी वागलं नाही.

सनिय्याने मला तिथून आपल्या घराच्या गच्चीवर आणलं. गच्चीच्या मधोमध बोरूचा कूड. अलीकडे सनिय्याच्या देशी कोंबड्या, पलीकडे तिच्या धाकट्या जावेच्या, बदरियाच्या, बाजारातल्या पांढऱ्या गुबगुबीत. त्या उन्हाळा लागला की धापा टाकून मरायच्या. दोघी जावा एकमेकींशी बोलत नसत. आपापल्या कोंबड्यांशी बोलत, पण कुडापलीकडे ऐकू जाईल अशा बेताने. मी अधूनमधून कुडावरून उडी मारून पलीकडे जायचो. सनिय्याला त्याचा पत्ता नव्हता. बदरिया मला केरसुणी फेकून मारायची. नेम मात्र दरवेळी चुकायचा.

मग सनिय्याच्या लेकीचं लग्न लागलं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आईने लेकीच्या सासरी शिजवलेल्या पक्ष्यांचं ताट धाडायचं असतं. विहीण झाकण उचलते आणि माहेरची पत तिथेच ठरते. त्या सकाळी बदरिया आपल्या कोंबड्यांना म्हणाली, "बायांनो, जाऊबाईंचा कोंबडा ताटात पाहून विहीणबाई विचारतील, हा पारवा कशाला पाठवला?"

सनिय्या पेटली. ताटाच्या मधोमध हाच जाईल, असं तिने आपल्या कोंबड्यांना ठणकावून सांगितलं. बाकीचे नर कधीच हंडीत गेले होते. मी गेलो की सनिय्याकडचा चांदीच्या मानेचा वंश संपणार होता. हे तिला कळत होतं, पण जावेचा टोमणा जास्त कळला.

तिने मला धरलं. धरल्यावर आमची जात अशी किंचाळते, की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. बदरिया कुडाशी आली. सनिय्याच्या कुठल्याही वस्तूला तिने जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं.

"काय छाती आहे," ती म्हणाली. "काय मान. गावात असा कोंबडा नाही, जाऊबाई."

आणि गप्प झाली.

"म्हण," सनिय्या म्हणाली.

"काय म्हणू?"

"माशाअल्ला म्हण की, मेले."

"घसा बसलाय हो माझा."

कौतुक करून माशाअल्ला म्हटलं नाही की दृष्ट लागते, आणि दृष्ट लागलेला पक्षी नव्या नवरीच्या ताटात कोण घालणार? सनिय्याने मला सोडलं, कपाळाला काजळी फासली आणि जावेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसरा नर उरला नव्हता आणि ताट रिकामं धाडता येत नव्हतं, म्हणून त्यात अखेर बदरियाच्या पांढऱ्या गेल्या. विहीणबाईंनी त्यांची वाखाणणी केली. ते सनिय्याने आजवर मला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, कोंबडा पाळाल तर त्याला दाणा द्या, सावली द्या, पाणी रोज बदला. आणि कोणाच्या बोलण्याला चिडून वंशाचा शेवटचा नर कापू नका. एवढं जमत नसेल, तर निदान शेजारी एखादी मतलबी जाऊ असू द्या.

कारण दुसऱ्या सकाळी कुडाला खाली एक भोक पडलेलं दिसलं. पलीकडे मूठभर मका, आणि त्यावर तुटून पडलेली चांदीच्या मानेची पिल्लं. त्या उन्हाळ्यात उबवलेल्यांत बदरियाकडे जगली ती तेवढीच.

"ये, मेल्या," ती हळूच म्हणाली. "आणि ओरडू नकोस."

मी ओरडलो.